मुलाचा टाका उसवू नका

(वेंगुर्ल्यात पालक आणि आजी-आजोबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवातीला एक काम करा. शर्टाचं तुटलेलं बटण ज्यांना लावता येतं त्यांनी हात वर करा. बायकांचे हात येणारच. पण उजवीकडे मागच्या बाकावर बघा, चार पुरुषांचे हात वर आहेत. काका, तुम्ही होडीवर होतात ना? मग बरोबर आहे. ज्याने आयुष्यभर जाळं शिवलं त्याला बटणाचं काय! आता बाकीच्या पुरुषांनी मान खाली घालू नका. मुलांच्या खेळातल्या छोट्या पिशव्या शिवून त्यात भरायला चिंचोकेही आणलेत, आज शिकूनच घरी जायचं आहे.

ही गंमत मुद्दाम केली. शिवण म्हणजे बायकांचं काम असं आपण धरून चालतो, आणि धरतो कुठे, तर या किनाऱ्यावर! रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं वाळूत पसरून फाटलेले आस, म्हणजे जाळ्याची घरं, सांधत बसलेले पुरुष आपण रोज बघतो. त्यांच्या शेजारी बसून जाळ्याच्या सुईवर दोरा गुंडाळून देणारी पाच-सहा वर्षांची पोरंही मी पाहिली आहेत. त्यांना कोणी 'उपक्रम' दिलेला नसतो. बापसाला सुई भरून हवी असते, पोरगा भरून देतो. दोरा सैल भरला गेला तर बापूस सांगतो, 'घट्ट भर रे', आणि तीच सुई घेऊन कामाला लागतो. मुलाचं काम त्याच संध्याकाळी जाळ्यात जातं. मला आज जे सांगायचं आहे ते सगळं यात आहे, पण विषय पत्रिकेवर छापलाय तेव्हा नीट सांगायला हवा.

विषय आहे, लहान मुलांसह घरी करता येईल असं सोपं शिवणकाम. कोणत्या वयात काय, तेही सांगणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगू द्या. ती न सांगता वस्तू दाखवल्या, तर तुम्ही घरी जाऊन मुलाचा वाकडा टाका पहिल्याच दिवशी उसवाल.

आमच्या शेजारची मुलगी. पहिलीत होती. शाळेतून निरोप आला, 'स्वतःच्या हाताने केलेली एक वस्तू आणा, प्रदर्शन आहे.' मुलगी माझ्याकडे आली. आजीच्या जुन्या नऊवारीचा तुकडा तिच्याकडेच होता, डाळिंबी रंगाचा, धुऊन धुऊन मऊ झालेला. तिने स्वतः ठरवलं की सागरगोटे ठेवायला पिशवी करायची. दोरा निवडला पिवळा. मी म्हटलं, डाळिंबीवर पिवळा प्रत्येक टाका दिसेल. म्हणाली, 'दिसांदेत.' दिसावेत म्हणूनच तर घातले होते तिने! तीन बाजूंना धावदोरा घातला. सुरुवातीचे टाके बोटभर लांब, मधले बरे, आणि तिसऱ्या बाजूला येईपर्यंत टाके एकसारखे पडायला लागले होते. मंडळी, पिशवीच्या तीन बाजू बघून त्या मुलीचा हात कसा बसत गेला ते कोणालाही वाचता आलं असतं. शिकवणाऱ्याला याहून चांगली प्रगतीपुस्तिका कुठे मिळणार? तोंडाला नाडी ओवली. घरी नेऊन आजीला दाखवली. आजीने विचारलं, 'कोणी शिवल्यान गो ही?' मुलगी म्हणाली, 'मिया!'

आता प्रदर्शन. टेबलाच्या पुढच्या रांगेत फोमची घुबडं, चमकी लावलेले पेनस्टँड, थर्माकोलची घरं. अर्ध्याहून अधिक वस्तू बाजारात तयार मिळणाऱ्या पाकिटांतल्या. उरलेल्या रात्री जागून आयांनी केलेल्या. आयांना मी दोष देत नाही. त्या दिवसभर राबतात आणि रात्री अकराला मुलाचा 'प्रोजेक्ट' घेऊन बसतात, हे मी घरोघरी पाहिलंय. आमची पिशवी होती मागच्या रांगेत, एका घुबडामागे. आणि मुलीला बाईंनी सांगितलं, 'आईला सांग, पुढच्या वेळी नीट करून दे.'

'आईला सांग.' स्वतःच्या हाताने केलेली वस्तू मागवली, मुलीने खरोखर स्वतःच्या हाताने केली, आणि तिला उत्तर मिळालं की आईने करायला हवी होती. आईही बिचारी ओशाळली. त्या रात्री तिने पिवळा दोरा उसवला, मशीनवर डाळिंबी दोऱ्याने टीप मारली आणि सकाळी पिशवी मुलीच्या दप्तरात घातली. शिवण सुरेख होती. पण मुलीने ती पिशवी परत हातात घेतली नाही. 'ही माझी न्हय' म्हणाली. सागरगोटे पुन्हा प्लॅस्टिकच्या डब्यात गेले.

मला या गोष्टीचा राग अजून येतो. कारण हाताचं काम शिक्षणात आणायला आपल्याकडच्या थोर माणसांनी केवढी धडपड केली आहे! बोर्डी आपल्याच किनाऱ्यावर आहे, वर डहाणूकडे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. मॉन्टेसोरीची साधनं महाग, खेड्यातल्या बालवाडीला परवडणारी नव्हती. मग या बायांनी शिंपले घेतले, बिया घेतल्या, पानं, काड्या, माती घेतली आणि त्यातून मोजणं, ओवणं, रंग ओळखणं शिकवलं. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. त्याही मागे जा. १८३७ साली जर्मनीत फ्रोबेलने लहान मुलांची शाळा काढली. त्याच्या बालोद्यानात, म्हणजे किंडरगार्टनमध्ये, कागदाला टोचून नक्षी करणं, टोचलेल्या पुठ्ठ्यावर दोरा ओवणं, कागदाच्या पट्ट्या विणणं हे नित्याचं होतं. बरोबर शंभर वर्षांनी, १९३७ साली, वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलं की हस्तोद्योग हा शिक्षणाचा कणा हवा. १९६४ ते ६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाने कार्यानुभवाची, म्हणजे शाळेत हाताने काम करून शिकण्याची, शिफारस केली. इथवर आलो, आणि शेवटी काय, तर दुकानातलं पाकीट! २०१८ साली राज्याने थर्माकोलवर बंदी आणली तेव्हा मला वाटलं होतं, निदान आता तरी कापडाकडे वळतील. वळले फोमकडे.

(अध्यक्षांनी चिठ्ठी दिली आहे. शिरोड्याच्या गाडीची वेळ होत आली म्हणतात. कबूल केलेलं भराभर सांगते. टेबलाकडे बघत ऐका.)

तीन वर्षांच्या मुलाला सुई नको, ओवणं द्या. बकुळीच्या फुलाला मधे भोक असतंच. माडाच्या पातीचा हीर किंवा केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, धागा हातात द्या, पडलेली फुलं वेचून पोर आपणहून ओवत बसतं. त्याहून लहान मुलांजवळ मणी, बटणं ठेवू नका, ती सरळ तोंडात जातात. गुंजा तर कोणत्याच वयाला नकोत, कितीही सुंदर दिसल्या तरी. विषारी असतात.

चार वर्षांचं मूल झालं की जुन्या लग्नपत्रिका काढा. जाड पुठ्ठ्याची पत्रिका घ्या, आंब्याचा किंवा माशाचा आकार काढा आणि कडेने दाभणाने भोकं पाडा. दाभण तुमच्या हातात, मुलाच्या नाही. भोकांमध्ये करंगळीच्या पेराएवढं अंतर ठेवा. दोऱ्याऐवजी बुटाची लेस द्या. लोकर असेल तर तिचं टोक वितळलेल्या मेणात बुडवून कडक करून ठेवा. वरून खाली, खालून वर, एवढंच शिकायचं आहे. हाच धावदोरा.

पाचव्या वर्षी गोणपाट. कापड म्हणून पहिलं गोणपाटच, कारण त्याची वीण उघडी असते, सुई कुठून जाणार ते मुलाला दिसतं. लोकरीची बोथट, मोठ्या नेढ्याची सुई घ्या. गोणपाट भरतकामाच्या रिंगमध्ये ताणून द्या, नाहीतर दोरा ओढला की सगळं गोळा होतं आणि पोर रडकुंडीला येतं. दोरा मुलाच्या हाताएवढाच लांब कापा. जास्त घेतला की गुंता ठरलेला. नेढ्यातून सारखा निसटत असेल तर नेढ्यापाशीच एक गाठ मारून द्या.

सहा वर्षांच्या पुढे टोकदार सुई आणि मऊ सुती कापड. जुनी नऊवारी, धोतर, धुतलेलं मांजरपाट. सिंथेटिक साडी नको, हातातून सरकते. इथे ती चिंचोक्यांची पिशवी करा, फेकाफेकीच्या खेळाला, तळहाताएवढी. तांदूळ भरू नका, आपल्याकडच्या पावसात पोरकिडे होतात. चिंचोके उन्हात वाळवून भरा. आता तुम्ही म्हणाल, मुलाचे टाके लांब, चिंचोके बाहेर येणार. खरं आहे, आणि नेमकं इथेच मोठी माणसं उसवायला बसतात. उसवू नका. चिंचोक्यांसाठी आतली पिशवी तुम्ही मशीनवर शिवा आणि वरचा अभ्रा मुलाला शिवू द्या. आतलं काम पक्कं झालं, वरचे टाके मुलाचे राहिले.

सात-आठ वर्षांचं मूल घरच्या खऱ्या कामात घ्या. गणपतीच्या पताका घरातल्या उरलेल्या कापडाच्या करा. तुम्ही तिकोनी तुकडे कापा, मुलं ते नाडीवर टाचतील. आषाढ-श्रावणात मुलं घरातच अडकलेली असतात, वेळच वेळ असतो. गोधडीला बसलात तर एक कोपरा मुलाला द्या. आणि घरात दुसरं बाळ येणार असेल तर बाळंतविड्यातल्या दुपट्याची एक कड थोरल्याला शिवू द्या. गाठी मात्र बाहेरच्या बाजूला ठेवायच्या, बाळाला टोचता कामा नयेत. बारशाला आलेल्या पाहुण्यांना तो पोरगा स्वतः सांगेल, ही कड कोणाची.

मुलांकडून एका बैठकीत पुरं करून घेऊ नका. दहा टाके घालून पळालं तर पळू द्या, रिंग तशीच हाताला येईल अशा जागी टांगून ठेवा. आणि झालेली वस्तू शोकेसमध्ये ठेवू नका, वापरा. पिशवीत लसूण ठेवा, किल्ल्या ठेवा, काहीही ठेवा. टाका सुटला तर ज्याचा आहे त्याच्याचकडे द्या दुरुस्तीला.

पुढून ताईंनी विचारलंय, सुई टोचली तर? टोचते कधीतरी. बोट धुवायचं, थोडं दाबून धरायचं, आणि त्याच दिवशी पुन्हा बसायचं. टोचण्यापेक्षा हरवलेली सुई वाईट, सतरंजीत राहते आणि पायात जाते. म्हणून काम सुरू करताना सुया मोजून काढायच्या आणि संपल्यावर मोजून ठेवायच्या, मोजायचं काम मुलाचं. खाऱ्या हवेत सुया गंजतात. घट्ट झाकणाच्या डबीत, लोकरीच्या तुकड्यात टोचून ठेवा, सोबत खडूचा एक तुकडा टाका. गंजलेली सुई मुलाला देऊ नका, ती कापडात अडते आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

टेबलावर प्रत्येक घरासाठी लोकरीची एक सुई आणि गोणपाटाचा तुकडा ठेवला आहे. शिरोड्याच्या मंडळींनी आधी घ्या. बाकीच्यांनी थांबा. मागच्या बाकावरचे काका बटण लावायला शिकवणार आहेत.