पुढची सीट, मागची सीट

[दृश्य: काळी-पिवळी टॅक्सी. डाव्या मडगार्डवर मीटर, टपावर सामानाचं कॅरियर.]

कागदावर हिचं नाव प्रीमियर पद्मिनी. पण मुंबईत ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकात गाडीचं नाव बदललं. गाडी जवळपास तीच. हिच्या आधीची गोलमटोल फियाट मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ करून टाकली होती. तेही लाडानं.

[दृश्य: पांढरी अॅम्बेसेडर, मागच्या काचांना पडदे.]

आणि ही अॅम्बेसेडर. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यातली, हिंदुस्तान मोटर्सची. मूळ ब्रिटिश, मॉरिस ऑक्सफर्ड. आपल्याकडे ‘लाल दिव्याची गाडी’ म्हटलं की कित्येक वर्षं डोळ्यांसमोर हीच यायची. मागची सीट सोफ्यासारखी, छत इतकं उंच की साहेबांची टोपी जागची हलत नसे.

फियाटचं इंजिन १,०८९ सीसी, अॅम्बेसेडरचं बरीच वर्षं १,४८९. चारशे सीसी जास्त, पण ओढायचं धूडही तेवढंच मोठं. दोन्हींचा गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर तिघं बसत. तिसरा अर्थातच अंग चोरून.

पण खरं सांगायचं तर फियाट चालवायची गाडी आणि अॅम्बेसेडर बसायची. गिरगावच्या गल्लीत, हातगाडी आणि भिंत यांच्या मधून फियाट अलगद निघायची. अॅम्बेसेडर तिथे वळवायची म्हणजे खांद्यांचा व्यायाम. पॉवर स्टिअरिंग कुठलं आलंय! मात्र खड्ड्यांचा रस्ता लागला, मागे आजी-आजोबा आणि मांडीवर नातवंडं असली, की अॅम्बेसेडरला तोड नव्हती.

यातली कुठली घ्यायची, हा प्रश्न तसा चैनीचाच. परवाना राजवटीत गाडी नोंदवायची आणि वाट बघायची. वर्षानुवर्षं. तुलना करायला दुकानात तिसरं काही फारसं नव्हतंच. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि दोघी एकदम म्हाताऱ्या दिसू लागल्या.

[दृश्य: पुन्हा टॅक्सी. मीटर जवळून.]

उत्तरपाड्यातलं उत्पादन मे २०१४ मध्ये थांबलं. पद्मिनीचं त्याच्या कितीतरी आधी. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेव आरटीओत झाली २९ ऑक्टोबर २००३ ला. मुंबईत टॅक्सीचं वय वीस वर्षांपलीकडे चालत नाही. म्हणजे नोंदणीच्या तारखेवरूनच निरोपाची तारीख ठरली.