दोन किलोपर्यंतच

नमस्कार श्रोतेहो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालेल्या माणसांना पुन्हा चालतं करायचं, जिना चढायला लावायचं, कामावर धाडायचं, हे माझं काम. मुंबईतल्या रुग्णालयांत इतकी वर्षं हेच करत आले. आज नव्या झडपांबद्दल बोलायचंय, आणि ते मी बोलणारच आहे. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, पुढेही सांगेन. झडप डॉक्टर बसवतात, पण माणूस बरा होतो तो घरी.

हृदयात चार झडपा असतात. बोलताना आपण सगळे व्हॉल्व्हच म्हणतो. दिवसाला साधारण एक लाख वेळा त्या उघडतात आणि मिटतात. झडप अरुंद झाली की रक्त अडतं, नीट मिटेनाशी झाली की मागे गळतं. दोन्हीत दम लागतो, पाय सुजतात, रात्री उशाला दोन-दोन उश्या घ्याव्या लागतात.

पूर्वी झडप बदलायची तर छातीचं हाड मधोमध कापावं लागे. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रूआं शहरात डॉ. अलँ क्रिबिए यांनी पहिल्यांदा छाती न उघडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी वर नेऊन महाधमनीच्या तोंडाशी नवी झडप बसवली. त्याच पद्धतीला आज टावी म्हणतात. पंचाहत्तरी-ऐंशीतली माणसं, ज्यांना मोठं ऑपरेशन झेपलं नसतं, ती बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी वॉर्डात चालतात. आता अशी झडप आपल्या शेजारी, गुजरातेत वापीलाही तयार होते. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप म्हणजे मायट्रल. ती गळत असेल तर तिच्यासाठी क्लिप आहे. मिलानचे सर्जन ओत्ताव्हिओ अल्फिएरी झडपेच्या दोन पाकळ्या मधोमध एका टाक्याने जोडत. तेच काम ही क्लिप नळीतून जाऊन करते. काही सर्जन आता उजव्या बाजूला फासळ्यांमधून लहानसा छेद घेऊन झडप दुरुस्त करतात. त्यात छातीचं हाड कापावंच लागत नाही.

हे सगळं मोठं काम आहे, आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण टावीचा खर्च अजून लाखांत जातो. शिवाय ती मुख्यतः म्हातारपणी चुना साचून कडक झालेल्या झडपेसाठी. आपल्याकडे सार्वजनिक रुग्णालयांत पंचविशी-चाळिशीतल्या बायका येतात. लहानपणी घसा दुखला, ताप आला, सांधे सुजले, आणि त्या तापाने मायट्रल झडप खाल्ली. झडप फक्त अरुंद झाली असेल आणि तिची ठेवण चांगली असेल, तर फुग्याने रुंद करता येते. ती फार खराब झाली असेल तर आजही छाती उघडून नवी बसवावी लागते.

अशाच एका बाईंची गोष्ट मला सांगायचीय. वरळी कोळीवाड्यातल्या. मी त्यांना मावशी म्हणायचे, त्या मला बाय म्हणायच्या. पहाटे ससून डॉकला जाऊन मासळी घ्यायची, पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसायचं, हा त्यांचा रोजचा धंदा. त्यांना धातूची झडप बसवली होती, चित्रा झडप. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. आधीचे तीन नमुने चाचण्यांत नापास झाले, चौथा टिकला, आणि डिसेंबर १९९० मध्ये तो पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसला. परदेशी झडपेपेक्षा बरीच स्वस्त, म्हणून कितीतरी गरीब घरांतली माणसं आज जगतायत. मावशी सगळ्यांना सांगायच्या, "माझा व्हॉल्व्ह केरळचा हाय."

ऑपरेशन छान झालं. घरी जाताना मिळालेल्या कागदावर लिहिलं होतं, जड वस्तू उचलू नका. तेही इंग्रजीत. कोणीतरी वाचून दाखवलं, मावशींनी मान डोलावली.

महिन्याभराने तपासणीला आल्या. चेहरा तजेलदार, पायांची सूज उतरलेली, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, उत्तम. मी म्हटलं, "मावशी, जरा खोका बघू." त्या खोकल्या आणि माझ्या हाताखाली छातीचं हाड कट्‌ करून हललं. हाड तारांनी बांधलेलं असतं. मोडलेल्या हाताला लागतो तितकाच वेळ त्यालाही जुळायला लागतो. ते असं हलता कामा नये.

"मावशी, काही जड उचललंत?"

"नाय गो बाय. डाक्टरनी सांगितलंय ना."

सोबत सासूबाई होत्या. त्याही म्हणाल्या, "कायपण उचलू देत नाय आम्ही तिला." दोघीही खरंच बोलत होत्या, हे त्यांच्या तोंडाकडे बघून कळत होतं. मग मी म्हटलं, मला तुमचा कालचा दिवस सांगा, उठल्यापासून. पाणी आलं, दोन कळशा भरल्या. बरं. चहा झाला. बरं. मग बाजारात गेले. कशाला? "बसायला गो. अर्धीच पाटी होती."

अर्धी पाटी! बाहेर गेटजवळ त्यांची नणंद थांबली होती, तीच पाटी घेऊन. मी तिला आत बोलावलं. वॉचमन अडवायला लागला, वास येतो म्हणाला. मी सांगितलं, येऊ दे, हा तपासणीचा भाग आहे. पाटी आमच्या वजनाच्या काट्यावर ठेवली. बर्फ आणि ओली मासळी मिळून चौदा किलो! मावशी काट्याकडे बघतच राहिल्या. आयुष्यभर भरलेली पाटी डोक्यावर वाहिलेल्या बाईला अर्धी पाटी हलकीच वाटणार. त्यांनी डॉक्टरांचं तंतोतंत ऐकलं होतं. किती किलो, ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

नशिबाने तारा शाबूत होत्या, जखमेत पू नव्हता. सर्जननी छातीला पट्टा दिला आणि आणखी दोन महिने जपायला सांगितलं. मग आम्ही दोघी बसलो आणि मापं ठरवली. दोन किलो म्हणजे दुधाच्या दोन मोठ्या पिशव्या, त्याहून एक थेंब जास्त नाही. कळशी नाही, तांब्या चालेल. घरातल्या लहान पोराला उचलायचं नाही, बसल्यावर त्याने मांडीवर यायचं. आणि हात अंगाजवळ ठेवायचे. कोपरं फासळ्यांना टेकलेली असली की छातीच्या हाडावर ओढ कमी पडते. डोक्यावर पाटी चढवताना दोन्ही हात वर जातात, सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो.

बाजारातल्या बायकांनी काय करावं? त्यांनी पाळ्या लावल्या. मावशींची पाटी रोज दुसरी कोणीतरी आणायची, दुसरीच उचलून ठेवायची. मावशी नुसत्या बसून विकायच्या. हाड जुळल्यावर आम्ही त्यांना एक किलोपासून वर नेलं, कमरेएवढ्या टेबलावरून उचलायला शिकवलं, आणि शेवटी खरी पाटी माझ्यासमोर डोक्यावर चढवून घेतली. तेव्हा त्यांच्या सासूबाई रडल्या.

म्हणून श्रोतेहो, घरी जाताना डॉक्टरांना विचारा, किती किलो? किती आठवडे? मी काय काम करतो ते ऐकून सांगा. छाती उघडली असेल तर साधारण दोन-तीन महिने जपावं लागतं, जांघेतून झालं असेल तर बरंच कमी. आणि घरी जाताना मिळणारा कागद मराठीत, ठळक अक्षरांत असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आता ओघात आलंच म्हणून बोलते. आम्ही प्रत्येकाला सांगतो, रोज चाला, आधी पाच मिनिटं, मग दहा. पण चालायचं कुठे? फूटपाथवर दुचाक्या उभ्या, झाकणं उघडी, पावसाळ्यात तर विचारूच नका. ज्या शहरात आजारी माणसाला सरळ शंभर पावलं टाकता येत नाहीत, तिथे नुसती रुग्णालयं बांधून कसं चालेल? आणि भेटायला येणाऱ्यांनो, पहिले पंधरा दिवस कृपा करून फोनच करा. दहा माणसं खोलीत बसली की पेशंट झोपत नाही, खोकला मात्र सगळ्यांचा घेतो.

थोडं औषधांबद्दल. धातूची झडप असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, वॉर्फरिन नाहीतर एसिट्रॉम. ती किती लागते हे आयएनआरच्या तपासणीने कळतं, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते बघणाऱ्या रक्ततपासणीने. पालेभाज्या बंद करू नका. शेजारीण सांगेल, मेथी सोडा, पालक सोडा. सोडायचं नाही, प्रमाण बदलायचं नाही. आठवडाभर काही नाही आणि श्रावणात एकदम रोज, असं झालं की गोळीचं गणित बिघडतं. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो. आणि गोळी स्वतःहून कधीही थांबवू नका. थांबवली की झडपेवर गुठळी धरू शकते.

छातीचं हाड कटकटलं, जखमेतून पाणी आलं, ताप आला, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा. दाताच्या डॉक्टरांकडे गेलात तर खुर्चीत बसण्याआधी सांगा की मला झडप बसवलेली आहे. दात काढण्याआधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं, नाहीतर तोंडातले जंतू रक्तातून झडपेपर्यंत जाऊ शकतात. झडपेचं कार्ड पाकिटात ठेवा, त्याचा फोटो मुलांच्या फोनमध्येही असू द्या.

नमस्कार.