खडा खरा आहे का, एवढेच विचारून भागत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की आपल्या खानदेशात लेकी माहेरी येतात आणि सराफ बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. कापसाचे किंवा केळीचे पैसे हाती आले की घरात गुंजभर का होईना सोने यावे, ही आपली जुनी रीत आहे. त्यामुळे सोन्याची एक उपजत समज आपल्याकडे घराघरांत आढळते. भाव काय, घट किती, मजुरी किती, मोड घातली तर काय सुटेल, हे हिशेब आपल्या आयाबाया बोटांवर करतात. परंतु त्याच दागिन्यात जेव्हा माणिक, पाचू किंवा पुष्कराज बसवलेला असतो, तेव्हा हीच चोखंदळ माणसे दुकानदाराच्या एका शब्दावर विसंबतात. मी गेली २२ वर्षे जळगावात रत्नपरीक्षणाचे काम करते. ज्या खड्यासाठी वर्षाची शिल्लक खर्ची पडली, त्याचे खरे रूप भिंगाखाली पाहून समोरच्या माणसाला सांगणे, हा या कामातला सर्वांत जड भाग आहे. म्हणून आज मला जे सांगायचे आहे, ते खरेदीच्या आधीचे आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर रावेर तालुक्यातले एक जोडपे माझ्याकडे आले होते. काकूंनी कागदाच्या पुडीतून एक अंगठी काढून माझ्या पुढ्यात ठेवली. अंगठीत मोठा, गडद लाल माणिक होता, पण त्यावर पांढुरक्या रेघांचे जाळे पसरले होते, जणू तडकलेल्या बशीवरच्या रेषाच. सणाच्या सफाईत तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर त्यांनी ही अंगठीही लिंबाच्या रसात रात्रभर ठेवली होती आणि सकाळी ती अशी निघाली. "ताई, खडा खोटा निघाला का हो?" असे त्यांनी विचारले, आणि मला सरळ हो किंवा नाही म्हणता येईना.

कारण तो खडा काच नव्हता. मूळ दगड जमिनीतूनच निघालेला होता, परंतु तो भेगांनी इतका भरलेला होता की एरवी त्याला कोणी पैलू पाडले नसते. अशा दगडाच्या भेगांत शिसे हा धातू मिसळलेली काच वितळवून भरली की तो पारदर्शक आणि टपोरा दिसू लागतो. साधारण २००४ पासून असे माणिक बाजारात मोठ्या प्रमाणावर आले. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली खडा हळूहळू कलता केला की भेगांच्या जागी क्षणभर निळसर झळक उमटते, आणि काचेत अडकलेले हवेचे चपटे बुडबुडेही दिसतात. ही काच आम्लाने झिजते, मग ते कारागिराच्या उजळणीचे आम्ल असो की घरचे लिंबू, आणि अंगठी दुरुस्त करताना ज्योतीच्या उष्णतेनेही ती बिघडते. कॅरट हे खड्यांच्या वजनाचे माप. असा माणिक कॅरटला शेकडो रुपयांत मिळतो आणि ज्याला काहीही केलेले नाही असा उत्तम माणिक कॅरटला लाखांत जातो. काकूंना तो अस्सल माणकाच्या भावाने विकला गेला होता आणि पावतीवर "लाल खडा, एक नग" एवढेच लिहिले होते.

म्हणून मी म्हणते की "खरा आहे का?" हा प्रश्न अपुरा आहे. विक्रेता त्याला प्रामाणिक चेहऱ्याने "हो" म्हणू शकतो. खडा कोणत्या जातीचा आहे, तो जमिनीत तयार झाला की प्रयोगशाळेत, आणि त्याच्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे, असे विचारावे लागते. या तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय किमतीचे बोलणे सुरूच करू नये.

जातीचे पाहू. रंगावरून जात ओळखता येते हा समज फार जुना आहे आणि त्याने राजेमहाराजांनाही चकवले आहे. इंग्लंडच्या राजमुकुटात समोर बसवलेला आणि शतकानुशतके माणिक म्हणून मिरवलेला मोठा लाल खडा प्रत्यक्षात माणिक नाही, तो स्पिनेल जातीचा आहे. आपल्याकडे हा घोळ पुष्कराजाच्या बाबतीत जास्त होतो. गुरूचा खडा म्हणून जो पिवळा नीलमवर्गीय पुष्कराज सांगितला जातो, त्याच्या जागी सुनेला नावाची पिवळी गारगोटी सहज खपवली जाते. दोन्ही पिवळे आणि पारदर्शक असल्याने नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, पण पाण्यात तोलले की तो लपत नाही. पुष्कराज आपल्या आकारमानाइतक्या पाण्याच्या ४ पट जड असतो, तर गारगोटी २.६५ पट. समजा, पाच कॅरटचा सुटा खडा बारीक तारेच्या झोळीत ठेवून पाण्यात बुडवून तोलला, तर पुष्कराज ३.७५ कॅरट भरेल आणि सुनेला ३.११ च्या आसपास. अचूक काटा असलेल्या दुकानात ही परीक्षा दहा मिनिटांत होते आणि खड्याला ओरखडाही येत नाही. ती मागायला संकोच करू नका.

मात्र हा काटा जन्म सांगत नाही. ऑग्यूस्त व्हर्नेय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये ज्योतीत भुकटी वितळवून माणिक बनवण्याची कृती जाहीर केली. म्हणजे आजीच्या पेटीतले जुने माणिक जुने आहे म्हणून खाणीतले असेलच, असे नाही. कृत्रिम माणकाचे रसायन, काठिण्य आणि घनता अस्सल माणकासारखीच असते. भेद आत असतो. ज्योतीत बनवलेल्या खड्यात ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा वक्र रेषा आणि गोल बुडबुडे दिसतात, तर खाणीतल्या माणकात सुयांसारखे बारीक तंतू, इतर खनिजांचे कण आणि सरळ, कोनात वळणारे रंगपट्टे आढळतात. आत डागाचा लवलेश नाही, रंग भडक आहे, आकार मोठा आहे आणि भाव स्वस्त आहे, या चार गोष्टी एकत्र आल्या की खूश होण्याऐवजी थांबावे.

हिऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न आज सर्वांत तीव्र झाला आहे. आपल्या तापीच्या मुखाशी वसलेल्या सुरतेत आता प्रयोगशाळेतले हिरे मोठ्या प्रमाणावर तयार होतात. ते हिरेच असतात, शुद्ध कार्बनचे, आणि दुकानातल्या साध्या हिरा तपासणी यंत्रावर तेही हिरा म्हणूनच उतरतात. ते घेण्यात गैर काहीच नाही, पण त्यांचे भाव गेल्या काही वर्षांत फार उतरले आहेत. म्हणून खाणीतल्या हिऱ्याच्या भावाने तो आपल्या गळ्यात पडता कामा नये. हिऱ्यासारखा दिसणारा मॉयसनाइट हा तर हिरा नव्हेच, पण उष्णता मोजणारे जुने यंत्र त्यालाही फसते. त्याची एक खूण मात्र भिंगाखाली सापडते. खडा किंचित तिरपा धरून वरच्या पैलूतून आत पाहिले की मागच्या पैलूंच्या कडा जोडीने, दुहेरी दिसतात. हिऱ्यात त्या एकेरीच दिसतात.

आता प्रक्रियेकडे वळते, कारण किंमत खरी तिथे ठरते. माणिक आणि नीलम तापवून त्यांचा रंग खुलवणे ही व्यापाराने स्वीकारलेली पद्धत आहे. तो रंग टिकतो, आणि असा खडा घेण्याला माझा विरोध नाही. परंतु तापवलेला आणि न तापवलेला यांच्या भावात मोठे अंतर असते आणि ते अंतर ग्राहकाला कळलेच पाहिजे. पाचूत नैसर्गिक भेगा असतातच, म्हणून त्याला तेल देण्याची चाल पूर्वापार आहे. रंगहीन तेल बाजार मान्य करतो. हिरव्या रंगाचे तेल देऊन फिका पाचू गडद करणे हे मात्र मी फसवणूकच मानते, कारण ते तेल सुकले की घेणाऱ्याच्या हाती फिका दगड उरतो.

घरगुती परीक्षांविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. माणिक दुधात टाकले की दूध लालसर दिसते, ही परीक्षा आजही कित्येक जण करतात. लाल काचही तेच करील, आणि प्रयोगशाळेतले माणिक तर अंधारात जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याखाली अस्सलापेक्षा अनेकदा जास्त लाल चमकते. खड्याने काच कापली म्हणजे तो हिरा, हेही खरे नाही, साध्या गारगोटीनेही काचेवर ओरखडा उठतो. हिरा हातोडीने फुटत नाही ही समजूत तर हानिकारक आहे. हिरा सर्वांत कठीण असला तरी ठरावीक दिशांनी तो सहज दुभंगतो, आणि या परीक्षेत अस्सल हिरेच बळी गेले आहेत. मोती दातावर घासल्यावर खरखरीत लागला तर तो काचेचा नाही इतके बहुधा समजते, पण तो समुद्रात आपोआप झालेला की शिंपल्यात मणी घालून वाढवलेला, हे क्ष-किरणांशिवाय सांगता येत नाही.

वजनातही एक मेख आहे. "सव्वापाच रत्तीचा खडा घाला" असे सांगितले जाते आणि आपण तेवढेच मागतो. रत्नांच्या व्यापारातली पक्की रत्ती सुमारे १८२ मिलिग्रॅमची, तर तोळ्याचा ९६ वा भाग असलेली सोनाराची रत्ती सुमारे १२१ मिलिग्रॅमची असते. म्हणजे सव्वापाच रत्ती एका मापाने पावणेपाच कॅरटच्या थोडी वर भरते आणि दुसऱ्याने सव्वातीनच्याही खाली राहते. कॅरट मात्र सगळीकडे २०० मिलिग्रॅमचाच असतो. म्हणून वजन कॅरटमध्ये मागावे, काट्यावर स्वतः पाहावे आणि भावही कॅरटनेच ठरवावा. ज्यांची ग्रहांवर श्रद्धा आहे त्यांच्या श्रद्धेला मला बोट लावायचे नाही, पण जो खडा सांगितला गेला तोच बोटात असावा, ही तर त्या श्रद्धेचीही अपेक्षा आहे.

दुकानातल्या झगमगाटात रंग ठरवू नये. पिवळा दिवा माणिक आणि पुष्कराज उजळवतो, तर थंड पांढऱ्या उजेडात नीलम खुलतो. खडा घेऊन दारापाशी यावे आणि दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, पांढऱ्या कागदावर तो पाहावा. मग छापील वर्तमानपत्रावर ठेवावा. मधोमध फिकी खिडकी पडून खालची अक्षरे वाचता आली, तर पैलू उथळ पाडले आहेत आणि त्या खड्याचा तजेला तिथूनच गळतो आहे, असे समजावे.

शक्यतो खडा सुटाच घ्यावा, आपल्यासमोर तोलून घ्यावा आणि तपासणी झाल्यावरच कोंदणात बसवायला द्यावा. मागून बंद असलेल्या कोंदणात डांक, म्हणजे चमकदार पत्रा, घालून फिका खडा गडद करता येतो, आणि दोन तुकडे चिकटवलेल्या खड्याचा सांधाही तिथे लपतो. हॉलमार्कविषयीचा एक गैरसमजही इथेच दूर करते. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झालेला हॉलमार्क आणि त्याचा सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांक फक्त धातूची शुद्धता सांगतो. खड्याविषयी तो काहीही म्हणत नाही. जडावाच्या दागिन्यात खड्यांचे आणि लाखेचे वजन सोन्याच्या भावाने लागलेले नाही ना, तेही पावतीवरच्या निव्वळ वजनावरून पाहावे.

मोठी रक्कम घालणार असाल तर स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल हवाच. जयपूर, मुंबई, सुरत अशा ठिकाणी नावाजलेल्या प्रयोगशाळा आहेत. दुकानाने स्वतः छापलेले रंगीत कार्ड म्हणजे अहवाल नव्हे. अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर तपासावा, त्यातले वजन आणि मिलिमीटरमधली मापे हातातल्या खड्याशी ताडून पाहावीत, आणि तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेला शेरा आवर्जून वाचावा. वर ठळकपणे "नॅचरल" असते आणि खाली "ग्लास फिल्ड", म्हणजे काच भरलेला, असे असते, आणि किंमत त्या खालच्या ओळीत दडलेली असते. अहवाल बहुधा किंमत सांगत नाही, म्हणून त्याच जातीचे, त्याच वजनाचे खडे आणखी दोन-तीन दुकानांत पाहिल्याशिवाय सौदा करू नये. हजार-दीड हजाराच्या खड्याला मात्र एवढा खटाटोप परवडत नाही. तिथे तो हौस म्हणून घ्यावा, गुंतवणूक म्हणून घेऊ नये.

अजिंठ्याला पाहुणे घेऊन जाल, तेव्हा लेण्यांच्या वाटेवर विक्रेते दगडांच्या पोकळ्यांत उगवलेले स्फटिक दाखवतील. दख्खनच्या काळ्या पाषाणात असे देखणे पांढरे, हिरवट स्फटिक नैसर्गिकरीत्याच मिळतात आणि ते मला फार प्रिय आहेत. पण भडक गुलाबी किंवा निळाशार तुकडा दिसला, तर ओल्या कापसाने पुसून पाहा. रंग कापसावर आला तर त्याचे उत्तर मिळालेच.

शेवटी पावती. तिच्यावर खड्याची जात, नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, झालेली प्रक्रिया, कॅरटमधले वजन, अहवालाचा क्रमांक आणि परत घेण्याची अट लेखी असू द्या. सोने मोडीत घेताना खड्यांचे मोल अनेकदा धरलेच जात नाही, म्हणून ही अट आधीच ठरलेली बरी. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे, पण दोन्हीकडे पहिली मागणी याच कागदाची होते. रावेरच्या त्या काकूंपाशी "लाल खडा, एक नग" एवढेच होते आणि त्या शब्दांवर मला त्यांच्यासाठी फारसे काही करता आले नाही. अंगठी परत पुडीत बांधताना त्यांनी मला विचारले, की मग आता धुवायची कशाने. तेच आपल्यालाही सांगते: कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश. पाचूला गरम पाणी नको, मोती-पोवळ्याला नुसते ओलसर मऊ कापड पुरे, आणि लिंबू, चिंच, सोडा कशालाच नको.

नमस्कार.