दख्खनच्या गाळातला दात

श्रोतेहो, नमस्कार.

सह्याद्रीचे कडे ज्या लाव्ह्याचे बनले आहेत, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा एका दमात वाहिला नाही. दोन उद्रेकांमधल्या उसंतीत तळी साचली, गाळ बसला, त्यात जीव नांदले आणि पुढच्या लाव्ह्याने ते सारे झाकून टाकले. तेलंगणातील नास्कल येथे अशाच एका थरातला गाळ बारीक चाळणीतून धुऊन, उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली निवडताना ‘भारतथेरियम’ या सस्तनांसारख्या प्राचीन प्राण्याचे दात हाती लागले. दात जेमतेम काही मिलिमीटरचा, पण उंच वाढलेला, बाजूने उभी खाच असलेला आणि चरबट वनस्पती चघळताना होणाऱ्या झिजेला पुरून उरणारा. गंमत अशी, की २००७ साली दोन गटांनी या एकाच प्राण्याला दोन नावे दिली. टिकले ते आधी प्रसिद्ध झालेले.

याच घडणीचे दात अर्जेंटिनातील पॅटागोनियात आणि मादागास्करमध्येही सापडले आहेत. या कुळाला, दक्षिणेकडचे भूभाग एकत्र असलेल्या गोंडवना या प्राचीन महाखंडावरून, गोंडवनाथेरिया म्हणतात. भारत तर मादागास्करपासून सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच सुटला होता. मग हे सगोत्र समुद्रापार कसे पोहोचले? अंटार्क्टिकामार्गे जमिनीची वाट बराच काळ शिल्लक होती, असे काहींनी सुचवले. मला मात्र पूर्वज अखंड गोंडवनातच पसरले होते आणि भूमी दुभंगली तेव्हा प्रत्येक तुकड्यावर त्यांचा वंश राहिला, हे अधिक पटते.

केवळ दातांवरून नाते ठरवणे धोक्याचेच. मादागास्करमधील एका वालुकाश्माच्या ठोकळ्याचे माशांच्या जीवाश्मांसाठी सीटी स्कॅन केले, तेव्हा आत अनपेक्षितपणे एका गोंडवनाथेरियाची अख्खी कवटी दिसली. तिचे वर्णन ‘विंटाना’ या नावाने २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१८ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातून, डायनासोरच्या पायाखाली दबलेली ‘सिफेलिओडॉन’ची कवटी जगापुढे आली. तिच्या जवळच्या नातेवाइकांचे जीवाश्म मोरोक्कोत आढळतात, आणि अभ्यासकांनी तिचा संबंध गोंडवनाथेरियांशीही जोडला. तो खरा ठरला, तर या वंशाचा उगम गोंडवनाच्याही मागे, सर्व खंड एकत्र असलेल्या पँजियापर्यंत न्यावा लागेल. गोंडवनाथेरिया हे खरे सस्तन की सस्तनांचे निकटचे भाऊबंद, याबद्दल एकमत नाही, आणि भारतातील पुरावा आजही मुख्यतः सुट्या दातांवरच उभा आहे.