पेठेतला मेस्सी

(निवेदन, चित्रफितीच्या क्रमाने)

दृश्य : कोल्हापूर, शिवाजी पेठेतली गल्ली, सकाळ. भिंतीला टेकवलेली शिडी.

नीळ लावलेलं सूत दोघांनी दोन टोकांना ताणून धरलंय. मधोमध चिमटीत धरून सोडलं, की भिंतीवर सरळ निळी रेघ उमटते. अशा उभ्या रेघा मारायच्या, मग आडव्या. सगळी भिंत चौकटींत वाटली गेली, की मोबाईलमधल्या फोटोवरही तेवढ्याच चौकटी पाडायच्या आणि एकेक चौकट भिंतीवर चढवायची. दुपारपर्यंत बघणाऱ्याला काहीच कळत नाही. खाली जमलेल्या पोरांची मात्र पैज लागलेली असते, आधी डोळे येणार की आधी दाढी.

पेंटरमामा डोळे शेवटी करतात. सुरुवात सावल्यांपासून. तपकिरीत चिमूटभर काळा, गालाच्या खोलगट भागावर पातळ हात. दाढीची वेळ आली की ब्रश फडक्यावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि टोकाटोकाने आपटत जायचं. शिडीवरून बघितलं तर नुसते ठिपके दिसतात. रस्त्याच्या पलीकडे जाऊन वळून बघितलं, की लिओनेल मेस्सी.

हा हात सिनेमाच्या बॅनरवर बसलाय. थिएटरवर नवा सिनेमा लागायचा तेव्हा वीस-वीस फुटांचे चेहरे कोल्हापुरात हातानेच रंगवले जायचे. आणि या शहरात ती विद्या फार जुनी. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर हे भाऊ नाटकांचे पडदे रंगवायचे. परदेशी सिनेमे बघून त्यांना हलत्या चित्रांचा ध्यास लागला. बाहेरून आलेलं यंत्र नुसतं वापरून त्यांचं समाधान होईना. आतली दातेरी चाकं कशी फिरतात, फिल्म किती थांबते, किती सरकते, हे समजून घेऊन आपल्याच शहरात कॅमेरा बनवायचा त्यांनी घाट घातला. आनंदराव 1916 साली अकाली गेले. बाबूराव थांबले नाहीत. 1918 च्या सुमारास तो कॅमेरा चालू झाला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920 साली पडद्यावर आला. सिनेमाची जाहिरात चित्रातून करायची, हेही बाबूरावांनी मनावर घेतलं. आपल्या देशातली जी सगळ्यात जुनी सिनेपोस्टरं आज हाताशी आहेत, त्यांत त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर येतं. साल 1924.

शंभर वर्षांनी त्याच शहरातला एक ब्रश अर्जेंटिनाच्या कप्तानाची दाढी रंगवतोय. मधल्या काळात फ्लेक्स आला. एका रात्रीत छापून मिळतो, स्वस्तात मिळतो. बॅनर रंगवणाऱ्यांची कामं गेली.

दृश्य : तालीम. आत लाल माती, बाहेर फुटबॉलच्या बुटांची रांग.

कोल्हापुरात फुटबॉल कुठून बघायचा, असं कुणी विचारलं तर आम्ही तालमीपासून म्हणू. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. नावं कुस्तीची आणि संघ फुटबॉलचे. बाहेरच्या माणसाला हे कोडं वाटतं. पेठेतल्या माणसाला त्यात काहीच वेगळं दिसत नाही, कारण तालीम म्हणजे सगळंच. गणपती तालमीचा बसतो. मोहरमला पंजेही तालमीत बसतात आणि त्यांची सेवा करणाऱ्यांत हिंदू घरं असतात. महापूर आला की बोटी घेऊन पोरं निघतात तीही तालमीतूनच. संस्थानच्या काळात राजघराण्याच्या आश्रयाने साहेबाचा हा खेळ इथे रुजला, तेव्हा तालमींनी त्यालाही आत घेतलं. मातीत घुमणारी पोरं संध्याकाळी बॉलमागे धावायला लागली.

बाहेरचं बघायचं आणि आपल्या मातीत घडवायचं, याचा या गावातला सगळ्यात मोठा पुरावा खासबाग. शाहू महाराज 1902 साली इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्या राज्यारोहणाच्या सोहळ्यासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात रोमचं कलोसियम त्यांनी बघितलं. परत आल्यावर कुस्तीसाठी तसंच गोल, उतरतं मैदान उभं राहिलं, 1912 साली. कुठेही बसा, आखाडा दिसतो. कलोसियममध्ये माणसं आणि जनावरं मारली जायची. इथे मात्र हलगी वाजते आणि हरलेल्या पैलवानाच्या पाठीवरही थाप पडते.

दृश्य : जुना टीव्ही, लाकडी शटरचा. त्यानंतर रात्रीचा चौक, मोठा पडदा.

1986 चा मेक्सिकोतला वर्ल्ड कप दूरदर्शनवर दिसला. अंतिम सामना सुरू झाला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. ज्या घरात टीव्ही, त्या घरात गल्ली. मॅराडोना नावाचा बुटका, छाती काढून पळणारा माणूस पेठेने तेव्हा बघितला आणि त्याला आपल्यातच धरला. पुढे नव्वदच्या दशकात केबल आली, उपग्रह वाहिन्या आल्या आणि इंग्लंड-स्पेनचे क्लब दर आठवड्याला घरात उतरले. आता फोन आहे. 2022 चा वर्ल्ड कप जिओसिनेमावर फुकट दिसत होता आणि त्या महिन्यात पेठांनी देश वाटून घेतले होते. इकडची गल्ली अर्जेंटिना, तिकडची ब्राझील, कोपऱ्यावरचं मंडळ पोर्तुगाल. कटआउट एकापेक्षा एक उंच. ज्या ईर्षेने पेठा गणपतीची मिरवणूक काढतात, तीच ईर्षा. 18 डिसेंबर, रविवार, रात्री साडेआठ. अंतिम सामना, अर्जेंटिना आणि फ्रान्स. तीन-तीन बरोबरी, मग टायब्रेकर. चार-दोन, अर्जेंटिना. पुढचं तुम्ही पडद्यावर बघताच आहात.

गुलाल कुणाच्या विजयाचा आहे बघा. कतारमध्ये झालेला सामना, दक्षिण अमेरिकेतला देश.

दृश्य : शाहू स्टेडियम. पोरगं गोल मारून धावत येतं, उडी घेतं, हात खाली झटकून उभं राहतं.

ही उडी रोनाल्डोची. केस कापलेत तेही फोनवर बघून. या पोराच्या पाठीवर दहा नंबर आहे आणि पायात बूट आहेत ते मोठ्या भावाचे, पुढे कापूस कोंबलेले. एवढं सगळं जगाकडून घेतलेलं हे पोरगं बॉल पायात आला की खेळतं मात्र आपल्या तालमीसाठी. आम्हाला हेच दाखवायचं होतं. जगभरचा फुटबॉल दिवसरात्र हातात असताना कोल्हापूरचा माणूस उन्हात, तिकीट काढून, दगडी पायऱ्यांवर बसून पेठेचा सामना बघतो. थंडीत हंगाम सुरू होतो आणि वळीव येईपर्यंत ही गर्दी हटत नाही. स्थानिक संघांत परदेशी खेळाडूही येऊन खेळून गेलेत. आफ्रिकेतून आलेल्या खेळाडूला पेठेत लोक जेवायला घेऊन जातात, तांबडा-पांढरा पाजतात.

हुल्लडबाजीही झाली आहे, सामने थांबवावे लागले आहेत, पोलिसांना मध्ये पडावं लागलंय.

या मातीतला अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपच्या भारतीय संघात होता. फिफाच्या कुठल्याही वर्ल्ड कपमध्ये खेळणारा तो भारताचा पहिला संघ. त्या स्पर्धेतले त्याचे सामने जगभर दिसले आणि आजही शोधले की सापडतात.

दृश्य : मैदानाच्या कडेला मंडपाच्या बांबूंचा मचाण. वर एक कॅमेरा, ताडपत्रीखाली लॅपटॉप.

आता हा मचाण बघा. आमच्या फिल्मचं मन इथे गुंतलंय. मोठ्या वाहिनीकडे एका सामन्याला वीस-तीस कॅमेरे असतात. इथे दोन-तीन. एक मचाणावर, एक गोलजाळीच्या मागे, तिसरा असलाच तर प्रेक्षकांत. इंटरनेट मोबाईलचं. गर्दी वाढली की नेटवर्क बसतं आणि चित्र अडकतं, म्हणून दोन कंपन्यांची सिमकार्डं ठेवतात. समालोचक मात्र अस्सल. ‘बॉल पाटाकडीलच्या ताब्यात, उजवीकडनं चढाई, आणि काय पास दिलाय, नाद खुळा!’ हे बोलणं पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली पोरं ऐकतात, आखातात गेलेली ऐकतात. पडद्याच्या कडेला मजकूर पळतो बघा, ‘दुबईतून बघतोय, आवाज वाढवा.’ ज्या तारेतून माद्रिद कोल्हापुरात आलं, त्याच तारेतून शाहू स्टेडियम दुबईला पोचलंय. यात पैसा जवळपास नाही. दुकानदारांच्या जाहिराती आणि ऊन सोसायची तयारी, एवढ्यावर चालतं.

पण हे सगळं अलीकडचं. मॅराडोनाचा 1986 चा प्रत्येक गोल आज कुणालाही सेकंदात बघता येतो. त्याच वर्षी शाहू स्टेडियमवर पडलेले गोल आम्ही शोधत फिरलो आणि हाताला लागले ते तालमीच्या भिंतीवरचे संघाचे फोटो. उभी रांग, बसलेली रांग, मध्ये ढाल. त्यातल्या कुणाच्या डाव्या पायात जादू होती, कोण हेडिंगला उठला की बचावफळी हलायची, हे सांगणारी माणसं अजून कट्ट्यावर बसतात आणि उठून हातवारे करून दाखवतात. त्यांच्याकडून आम्ही तासन्‌तास ऐकलं. यातली काही माणसं त्या फोटोंत उभी आहेत.

ज्यांच्या घरी लग्नाच्या कॅसेटांबरोबर एखाद्या सामन्याची व्हिडिओ कॅसेट पडली असेल, अल्बममध्ये मैदानाचा फोटो असेल, जुन्या पेपरचं कात्रण असेल, त्यांनी ते आपल्या तालमीत आणून दाखवावं. कॅसेटवर बुरशी चढली असली तरी फेकू नका, ती पुसून प्रत काढता येते. फोटोच्या मागे साल आणि जमतील तेवढी नावं पेन्सिलने लिहा. शाईने लिहिलं तर पुढच्या बाजूला उतरतं.