पायालाही ट्रॅक द्या

मित्रहो, विषय मिडी फूट पेडलच्या, म्हणजे पायाने इफेक्ट चालवायच्या पेडलच्या, सेटिंगचा आहे आणि सेटिंगकडे मी येणार आहेच. पण आधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या, तिच्याशिवाय सेटिंगला अर्थ नाही.

गिटार रेकॉर्ड व्हायची असते. वादक विचारतो, "वावा लावू का?" वावा म्हणजे पायाने पेडल झुकवून आवाज 'वा-वा' असा उघडमीट करणारा इफेक्ट. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टचं उत्तर येतं, "आत्ता कोरडंच वाजव, इफेक्ट नंतर बघू." हे 'नंतर बघू' ऐकलं की माझं डोकं फिरतं. नंतर काय होतं? वादक घरी गेलेला असतो आणि कुणीतरी माउसने ऑटोमेशनची, म्हणजे इफेक्ट कुठे किती हे सांगणारी, रेघ ओढत बसतं. एक चढ, एक उतार, पुन्हा तोच चढ. रेघ ग्रिडवर चोख बसते, पण वाजवण्यात बसत नाही. कारण पाय पुढे झुकताना आवाज कसा उघडतोय हे ऐकून बोटं पुढचा स्वर किती जोराने छेडायचा ते ठरवत असतात. डिलेचं तर आणखी वाईट. डिले ऐकू येत असेल तर वादक त्याच्या पडसादांसाठी जागा सोडतो. नसेल ऐकू येत, तर ती जागा स्वरांनी भरून टाकतो. मग त्यावर मागाहून डिले चढवा, नुसती गर्दी!

कीबोर्डवाले हसताहेत, हसा! तुमचं सस्टेन पेडल, स्वर लांबवणारं, पहिल्यापासून रेकॉर्ड होतंय. मिडीत त्याचा कंट्रोलर क्रमांक 64. किंमत 63 पर्यंत असेल तर पाय उचललेला, 64 पासून पुढे दाबलेला. पियानोवाल्याला कुणी म्हणतं का, "पेडल न दाबता वाजव, सस्टेन नंतर काढू"? मग गिटारवाल्याच्या आणि गाणाऱ्याच्या पायाने काय घोडं मारलंय?

रेकॉर्डिस्टची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. वावासकट आवाज टेपवर गेला की तो परत कोरडा होत नाही. पण 1983 पासून आपल्याकडे मिडी आहे, वाद्यं आणि कॉम्प्युटर यांनी एकमेकांना सूचना पाठवायची भाषा. पेडलच्या संदेशात आवाज नसतोच. तीन बाइट असतात: कुठल्या चॅनलवर, कुठला कंट्रोलर, 0 ते 127 मधली कुठली किंमत. म्हणजे गिटार एका ट्रॅकवर कोरडी, पाय दुसऱ्या ट्रॅकवर, आणि वादकाच्या कानात दोन्ही मिळून. उद्या वावा नको वाटला, तर तोच पाय दुसऱ्या फिल्टरला, म्हणजे आवाजाचा काही भाग गाळणाऱ्या इफेक्टला, जोडा. वाजवणं जसंच्या तसं राहतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो.

आवाज उशिरा बदलतो म्हणून पेडलला दोष देऊ नका. साध्या मिडी केबलवरून एक संदेश जायला सुमारे 1 मिलिसेकंद लागतो. बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाज थोडा थोडा साठवून पुढे सोडतो तो साठा, तपासा: 44.1 किलोहर्ट्झला 256 सॅम्पल म्हणजे जवळपास 5.8 मिलिसेकंद, तेही एकाच बाजूचे, आत येताना किंवा बाहेर जाताना. टेक घेताना 64 किंवा 128 वर या.

टाच पूर्ण टेकवून 0 आणि चवडा पूर्ण दाबून 127 येतंय का, ते आधी बघा. मग प्लगइनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या इफेक्टमध्ये, 'मिडी लर्न' करून पेडल जोडा आणि पल्ला आखडा. सगळा पल्ला मोकळा ठेवला तर पाय जरा हलला तरी आवाज उडी मारतो. 128 पायऱ्या कमी पडून फिल्टर खरखरला तर स्मूदिंग, म्हणजे पायऱ्यांमधल्या उड्या गुळगुळीत करणं, वाढवा. स्विच मोमेंटरी (दाबलाय तोवरच चालू) हवा की लॅच (एकदा दाबला की चालू, पुन्हा दाबला की बंद), हे टेकच्या आधी ठरवा.

आणि हे तर लिहूनच घ्या. एक्स्प्रेशन पेडल, म्हणजे टाच-चवड्याने झुकवायचं पेडल, साधारणपणे हललं तरच संदेश पाठवतं. चवडा दाबूनच टेक सुरू केलात, तर सुरुवातीची किंमत नोंदलीच जात नाही आणि प्लेबॅकला फिल्टर भलत्याच जागी उभा असतो. म्हणून रेकॉर्ड सुरू झाल्यावर, पहिल्या स्वराआधी, पेडल एकदा हलवून हव्या त्या जागी आणा.

गाताना पेडल वापरणाऱ्यांनी स्विचखाली जाड सतरंजी घाला, खटका माइकमध्ये येतो. पेडल इथे जोडून ठेवलंय. ज्यांना पाय ठेवून बघायचाय त्यांनी पुढे या.