गाठ स्नायूत शिरेल का? मूत्राशयाच्या कर्करोगातल्या जनुकीय खुणा

नमस्कार. लघवीतून रक्त जातं, दुखत मात्र काहीच नाही. मूत्राशयाचा कर्करोग बहुधा अशीच पहिली वर्दी देतो. दुर्बीण घालून पाहिलं की आतल्या अस्तरावर शेवाळासारखी हलणारी गाठ दिसते. नव्याने निदान झालेल्या साधारण 75 टक्के लोकांत ती अस्तरात किंवा त्याच्या लगेच खालच्या थरात असते, मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोचलेली नसते. ती दुर्बिणीतूनच खरवडून काढतात. पुढे बऱ्याच जणांना ती पुन्हा होते, पण वरवरच राहते. काहींची मात्र स्नायूत शिरते. पुन्हा होणं वेगळं आणि खोल जाणं वेगळं. आज मी खोल जाण्याबद्दलच बोलणार आहे, कारण मूत्राशय ठेवायचं की काढायचं, हे त्यावर ठरतं.

2006 साली युरोपात 2596 रुग्णांच्या नोंदींवरून गुणांचे तक्ते तयार झाले. गाठी किती, तीन सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे का, आधी किती वेळा झाली, किती खोल आहे, पेशी किती बिघडल्या आहेत, शेजारी सपाट पसरलेला आक्रमक कर्करोग आहे का, यांची बेरीज करायची. सर्वांत कमी गुणांच्या गटात पाच वर्षांत रोग पुढे सरकण्याची शक्यता 0.8 टक्के निघाली, सर्वांत वरच्या गटात 45 टक्के. कमी धोक्याच्या टोकाला हा तक्ता फार उपयोगी आहे. माणूस निर्धास्त झोपू शकतो. वरच्या टोकाला काय करायचं? शंभरातल्या पंचेचाळीस जणांची गाठ आत शिरणार, पंचावन्न जणांची नाही, आणि आम्हा पॅथॉलॉजिस्टना सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारख्याच दिसतात. सगळ्यांचं मूत्राशय काढलं तर पंचावन्न जणांना लघवीसाठी पोटावरची पिशवी उगाच. मूत्राशयात बीसीजी (क्षयाचीच लस, इथे प्रतिकारशक्ती चेतवायला) देत थांबलो, तर काहींच्या बाबतीत उशीर होतो. जनुकीय खुणांची खरी गरज इथे आहे. जी खूण हा निर्णय बदलू शकत नाही, ती कितीही आकर्षक असो, रुग्णाच्या उपयोगाची नाही.

टर्ट या जनुकाचंच पाहा. त्याच्या नियंत्रक भागातला बदल बहुसंख्य गाठींत सापडतो, साध्या गाठींत आणि घातक गाठींतही. म्हणून लघवीत कर्करोग शोधायला तो चांगला, पण कोणाची गाठ पुढे जाईल हे त्यावरून कळत नाही.

पी-53 ची कहाणी मला अजूनही अस्वस्थ करते. पेशींची बेबंद वाढ रोखणारं हे प्रथिन निरोगी पेशीत पटकन नष्ट होतं. जनुक बिघडलं की केंद्रकात साचतं आणि काचपट्टीवर तपकिरी दिसतं. 1994 साली अमेरिकेत मूत्राशय काढलेल्या रुग्णांवरचा अभ्यास आला: पी-53 साचलेलं असेल तर रोग परत येण्याचा धोका जास्त. सगळ्यांना वाटलं, सापडली खूण. मग रीतसर चाचणी झाली. मूत्राशय काढल्यावर पी-53 जास्त असलेल्यांपैकी निम्म्यांना केमोथेरपी, निम्म्यांवर फक्त लक्ष. 2011 मध्ये निकाल लागला. केमोचा फायदा दिसला नाही, आणि पी-53 साचलेल्या आणि न साचलेल्या रुग्णांच्या भवितव्यातही फरक दिसला नाही. मागे वळून पाहिलेल्या नोंदींत चमकणारी खूण पुढच्या रुग्णांत अशी विझू शकते. म्हणून कोणी एका अभ्यासाचा कागद दाखवला की मी विचारते, दुसऱ्यांनी, दुसऱ्या रुग्णांत, हे तपासलं का?

एफजीएफआर-3 हे जनुक या परीक्षेत बरंच टिकलं. मूत्राशयाच्या कर्करोगातला त्याचा बदल 1999 मध्ये प्रथम नोंदला गेला. गंमत अशी, की हे कर्करोगाला रेटा देणारं जनुक, तरी त्यातला बदल मुख्यतः सौम्य, वरवरच्या गाठींत आढळतो. तो दिसला तर गाठ पुन्हा होईलही, पण आत शिरण्याची भीती एकंदरीत कमी. मात्र अशा गाठीत सीडीकेएन-2-ए या, पेशींची वाढ रोखणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती गळाल्या असतील, तर तीच गाठ पुढे सरकण्याचा धोका वाढतो. एकट्या खुणेवर विसंबू नये, ते यामुळे.

म्हणूनच मला डेन्मार्कमधल्या ऑरहुसच्या संशोधकांनी इतर देशांतल्या सहकाऱ्यांसह केलेलं काम मोलाचं वाटतं. 2021 साली त्यांनी 834 रुग्णांची माहिती एकत्र मांडली आणि जनुकं किती सक्रिय आहेत यावरून गाठींचे चार वर्ग केले. त्यातल्या '2-अ' वर्गाचा रोग सर्वांत जास्त पुढे सरकला. त्या गाठींत गुणसूत्रांची मोडतोड जास्त, पी-53 ची साखळीही बिघडलेली. मुख्य म्हणजे, जुन्या तक्त्यातले सगळे घटक जमेस धरूनही या वर्गाने आणि गुणसूत्रांच्या मोडतोडीने वेगळी माहिती दिली.

जाता जाता एक कामाची गोष्ट. या सगळ्या तपासण्या खरवडून काढलेल्या तुकड्यावर होतात. खालचा स्नायू तुकड्यात आलाच नसेल, तर गाठ वरवरची आहे हेच खात्रीने सांगता येत नाही. मग जनुकांचा महागडा अहवाल कशाच्या आधारावर वाचायचा? तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या बायोप्सीच्या अहवालात 'स्नायू आढळला' किंवा 'आढळला नाही' ही ओळ शोधा. ती नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना पहिला प्रश्न तोच विचारा.